भंडारदऱ्याच्या पलीकडच्या काठावर: रतनवाडीतला घरगुती मुक्काम

संगमनेरात लहानाचे मोठे झालेल्या माणसाच्या कानावर ‘भंडारदरा’ हा शब्द बहुधा ‘आवर्तन’ या शब्दाला जोडूनच पडतो. आवर्तन, म्हणजे धरणातून शेतीसाठी ठरावीक पाळीने सोडायचे पाणी, सुटले की प्रवरा नदीला पाणी येते, कालवे भरून वाहू लागतात, रात्री दारे धरणाऱ्यांच्या बॅटऱ्या उसाच्या आणि घासाच्या वावरांतून फिरायला लागतात, आणि पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या भावांतही चार शब्द होतात. ते पाणी जिथून येते तो मुलूख मात्र आमच्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत, धरणाच्या भिंतीखालच्या बागेत बसून डबा खाण्यापुरताच पाहिलेला असतो. मीही त्यांतलीच. घरापासून साठेक किलोमीटरवरच्या या डोंगरी भागात मुक्काम करण्याची वेळ आली ती अगदी अलीकडे, आणि तीही एकाच वर्षात दोनदा: पहिल्यांदा जूनच्या पहिल्या शनिवारी, काजवे पाहण्यासाठी, जलाशयाच्या काठच्या तंबूत, दुसऱ्यांदा दिवाळी उरकल्यावर, आई आणि धाकट्या भावाबरोबर, रतनवाडीतल्या एका घरी. हा अभिप्राय मुख्यतः दुसऱ्या मुक्कामाचा आहे, पण पहिल्याची हकिगत सांगितल्याशिवाय दुसऱ्याचे मोल नीट कळणार नाही.

आधी थोडा भूगोल सांगते, कारण नोंदणी करताना होणाऱ्या निम्म्या चुका तो माहीत नसल्यामुळे होतात. आपण ज्याला भंडारदरा म्हणतो ते व्यवहारात शेंडी हे गाव आहे. धरणाची भिंत, पर्यटन महामंडळाचे निवासस्थान, लहानमोठी हॉटेले, भजी-चहाच्या टपऱ्या, होड्या आणि मोबाइलची बऱ्यापैकी रेंज हे सगळे तिथेच एकवटलेले आहे. शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे अशी गावे घेत जलाशयाच्या एका काठाने घाटघरला जाता येते, आणि तिथून साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल करत दुसऱ्या काठाने पुन्हा शेंडीला येता येते. न थांबता गाडी हाकली तर दीड-दोन तासांचा हा फेरा आहे. ‘भंडारदऱ्यात तलावाकाठी’ असे जाहिरातीत लिहिलेले असते तेव्हा या फेऱ्यावरचे कोणतेही ठिकाण असू शकते, त्यामुळे गावाचे नाव विचारल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

प्रवरेवरचे हे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याची उंची २७० फूट आणि साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे आमच्याकडच्या बोलण्यात ‘अकरा टीएमसी’. पावसाळ्यात जिल्ह्यातल्या प्रत्येक वर्तमानपत्रात हा आकडा कुठवर भरला ते रोज छापून येते आणि आमच्या घरी ते पंचांगाच्या आधी वाचले जाते. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या गावांत मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. भात, नागली (नाचणी), वरई आणि खुरासणी (कारळे) ही इथली पिके. उन्हाळ्यात हिरडा गोळा करून, वाळवून विकायचा, आणि पाऊस सरला की बऱ्याच घरांतली कर्ती माणसे नारायणगावच्या बाजूला मजुरीला उतरतात. घरात एक-दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या तर त्या घरातल्या एखाद्याचे तरी हे उतरणे टळते. घरगुती मुक्कामाच्या सोयीकडे मी पाहते ती या हिशेबाने, आणि म्हणून तिच्याबद्दल लिहिताना माझा हात थोडा सैल सुटण्याचा धोका आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

आता जूनचा तंबू. मोबाइलवरच्या जाहिरातीतल्या चित्रात निळ्या पाण्याच्या काठी एकच पिवळा तंबू होता आणि त्याच्यासमोर शेकोटी पेटलेली होती. माणशी १,८०० रुपये आगाऊ भरून आम्ही चार मैत्रिणी पोहोचलो तेव्हा तंबू खरोखरच पिवळा होता, फक्त त्याच्या दोन्ही बाजूंना तसलेच साठ-पासष्ट तंबू दोरीला दोरी लावून उभे होते. त्या सगळ्यांमध्ये मिळून चार संडास होते आणि त्यांतल्या एकाचे दार बाहेरून कोणीतरी धरून ठेवावे लागत होते. ‘अमर्याद जेवण’ या शब्दांतला ‘अमर्याद’ हा भाग रांगेला लागू होता. रात्री बारापर्यंत कर्ण्यावर गाणी चालू होती, आणि ती बंद करा असे सांगायला गेल्यावर व्यवस्थापक म्हणून उभ्या असलेल्या मुलाने, अगदी अदबीने, “मॅडम, शनिवार आहे” एवढेच उत्तर दिले. पैसे परत मागण्याचा प्रश्न आल्यावरही उत्तर तेच होते. त्या मुलाचा मला राग नाही, कारण तोही पुण्याहून शनिवारपुरताच आलेला होता. पण ज्यांच्या जमिनीवर आम्ही झोपलो होतो त्या गावातला एकही माणूस मला त्या रात्री तिथे दिसला नाही, ही गोष्ट मात्र खटकली.

काजव्यांविषयी सांगायचे तर ते जाहिरातीपेक्षा सुंदर असतात आणि म्हणूनच त्यांची अशी वाट लागते. मेच्या अखेरीपासून पहिला जोरदार पाऊस बसेपर्यंतचे दोन-तीन आठवडे सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते हजारोंनी बसतात. नर चमकत उडतात, माद्या खाली पानांवर बसून त्यांना उत्तर देतात, आणि कधीकधी एका झाडावरची सगळी लुकलुक एका ठेक्यात चालू-बंद होऊ लागते. हा सगळा विणीचा व्यवहार उजेडावर चाललेला असल्यामुळे त्यांत आपल्या गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या घुसल्या की तो मोडतो, हे वेगळे सांगायला नको. आमचा ‘मार्गदर्शक’ मात्र अकरा गाड्यांची मिरवणूक पुढचे दिवे पेटते ठेवूनच झाडांपर्यंत घेऊन गेला. त्या रात्री आम्हांला जे काही खरे पाहायला मिळाले ते वन विभागाच्या एका वयस्क मजुरामुळे. रस्त्यात आडवी काठी धरून त्यांनी सगळ्या गाड्या बंद करायला लावल्या, दिवे विझवायला लावले, आणि पुटपुटणाऱ्यांना दटावून गप्प बसवले. पाच-सात मिनिटे नुसता मिट्ट काळोख होता. मग समोरच्या सादड्याच्या एका फांदीवर चार ठिपके, मग दुसरीवर दहा, आणि पाहता पाहता बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सगळे झाड श्वास घेतल्यासारखे उजळायला आणि मिटायला लागले. वीसेक मिनिटे आम्ही तिथे उभे होतो. तेवढ्यासाठी मी ती रात्र माफ केली, तंबूवाल्यांना नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रतनवाडीच्या देवळाजवळ एका टपरीवर चहा घेताना, आमचे तारवटलेले डोळे पाहून टपरीवरच्या मावशींनी कुठे उतरलात ते विचारले आणि हसून म्हणाल्या, “आता नका येऊ ताई. भात काढायच्या टायमाला या. तव्हा आम्हीपण घरी असतो.” त्यांच्या घरी दोन खोल्या आहेत, हे त्यांनी मी विचारल्यावर सांगितले, आपणहून नाही.

म्हणून दिवाळीनंतरच्या सोमवारी आम्ही तिघे अकोले, राजूरमार्गे शेंडीला आणि तिथून मुतखेल, कोलटेंभ्याच्या रस्त्याने रतनवाडीला गेलो. मुंबई-नाशिककडून येणाऱ्यांना घोटी, बारी, शेंडी हा रस्ता सोयीचा आहे. एसटी शेंडीपर्यंत सहज मिळते, पुढे मात्र स्वतःची गाडी नसेल तर जीपवाल्याशी आधी ठरवून ठेवावे लागते. होडीने पलीकडे उतरण्याचा आमचा विचार होता. मंगळवारी-सोमवारी माणसे भरत नाहीत म्हणून होडीवाल्याने नकार दिला, आणि तो रास्तच होता. पुढच्या रस्त्यावर कोलटेंभ्यानंतर काही ठिकाणी खड्डे इतके सलग आहेत की खड्डा कुठे संपतो हे शोधण्यापेक्षा रस्ता कुठे सुरू होतो हे शोधणे सोपे जाते.

घर जुने, मातीच्या भिंतींचे, सारवलेल्या पडवीचे. त्याला लागून मागच्या बाजूला विटांच्या दोन नव्या खोल्या आणि वर पत्रा. खोलीत दोन लोखंडी पलंग, एक खुर्ची, एक खुंटाळे, आणि खिडकीतून सरळ समोर रतनगड. आईच्या गुडघ्यांमुळे माझा पहिला प्रश्न संडासाचा होता. खोलीला लागूनच कमोडची सोय होती, फरशी कोरडी होती आणि बादलीला कड तुटलेली नव्हती. ज्यांनी घरगुती मुक्काम केलेले आहेत त्यांना या तीन गोष्टी एकत्र सापडणे किती दुर्मीळ आहे ते ठाऊक असेल. अंघोळीचे पाणी सकाळी बंबात तापते आणि हाक मारल्यावर मिळते. पडवीच्या भिंतीवर अमृतेश्वराच्या पिंडीच्या फोटोशेजारी राघोजी भांगरे यांचे चित्र होते. भावाला ते कोण हे माहीत नव्हते. घरातल्या नववीतल्या मुलाने त्याला शेजारच्याच देवगावचे राघोजी, इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध त्यांनी केलेले बंड आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात झालेली फाशी हे सगळे इतक्या घडाघडा सांगितले की संगमनेरात शिकलेल्या आम्हां दोघांना जरा ओशाळल्यासारखे झाले.

संध्याकाळी जेवायला पावणेनऊ वाजले. खाचरात भात कापून पडलेला होता आणि ढग आल्यामुळे घरातली सगळी माणसे अंधार पडेपर्यंत पेंढ्या बांधत होती. मावशींनी आल्याआल्या “आज उशीर व्हनार” असे सांगून टाकले आणि तोवर म्हणून भाजलेल्या शेंगा आणि कोरा चहा पुढ्यात ठेवला. अभिप्राय लिहिताना या उशिराचा एक गुण कापावा असे कोणी म्हणेल. मी कापणार नाही, कारण जे घर शेतावर चालते त्या घरी जाऊन हॉटेलाचे घड्याळ मागणे हा आपला दोष आहे. ज्यांना साडेसातला जेवण लागते, मधुमेहाची औषधे वेळेवर घ्यावी लागतात, त्यांनी मात्र हे आधी बोलून घ्यावे किंवा शेंडीतच उतरावे.

त्या जेवणाबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. मावशींनी चुलीपुढे काठवट ओढली, नागलीच्या पिठात कढत पाणी ओतून ते आधी उलथन्याने कालवले, मग तळहाताने इतके मळले की त्याला मेणासारखी चकाकी आली, आणि मग भाकरी थापायला घेतली. नागलीच्या पिठाला चिकटपणा कमी, त्यामुळे थापताना कडा फाटतात. मावशींच्या भाकरीची कड फाटली नाही, आणि आईचे लक्ष सगळा वेळ त्या कडेकडेच होते. तव्यावर पाणी फिरवून, उलटून, शेवटी निखाऱ्यावर उभी धरल्यावर ती काळसर-तांबूस भाकरी टम्म फुगली. तिच्याबरोबर हुलग्याचे पिठले, गावठी कोंबड्याचा रस्सा, आणि एका वाटीत खुरासणीची चटणी: भाजलेली खुरासणी, लसूण, सुकी मिरची आणि मीठ उखळात कुटलेली, कोरडी, काळी, आणि तेल न घालताही तेलकट लागणारी. रस्सा तिखट होता. शहरातल्या पाहुण्यांसाठी तो सौम्य करत नाहीत, आणि सौम्य करा असे सांगितल्यास त्यांत पाणी घालतात, त्यामुळे सांगू नये.

शेवटी भात आला. काळभाताचा. साळ काळपट असते म्हणून हे नाव. आतला तांदूळ पांढराच, बारीक, आणि झाकण काढल्याबरोबर पडवीपर्यंत वास पोहोचवणारा. आईने पहिला घास घेतला आणि हा तांदूळ आपल्या माहेरी चाळीस वर्षांपूर्वी खाल्ला होता असे जाहीर केले. मग दोघींचे बी-बियाणांवर जे सुरू झाले ते अकरापर्यंत संपले नाही. मावशींनी मडक्यात राख घालून ठेवलेले वालाचे आणि भोपळ्याचे बी आणून दाखवले. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून इकडच्या बायकांचे मडके शहरातून आलेली माणसे मुद्दाम पाहायला मागतात, असे मावशी हसत म्हणाल्या. त्याआधी तेच मडके अडगळ होते.

बोलण्याच्या ओघात आई म्हणाली, “तुमच्याच पाण्यावर आमचा ऊस, बाई.” त्यावर मावशींनी ताटात भात वाढता वाढता उत्तर दिले, “पाणी तुमचंच की आजी. आमच्याकडं निस्तं थांबतं.” धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आम्ही शाळेत निबंधात वापरायचो; मे महिन्यात विहीर तळाला गेली की दोन हंड्यांसाठी किती चालावे लागते ते मावशींनी त्यानंतर सांगितले, आणि आई त्या रात्री उसाबद्दल पुन्हा बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमृतेश्वराचे देऊळ. आडवारी गेल्यामुळे आत फक्त पुजारी आणि आम्ही. देवळाला पुढून आणि मागून असे दोन्ही बाजूंनी प्रवेशमंडप आहेत, ही गोष्ट हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देवळांत सहसा दिसत नाही, आणि बाहेरच्या भिंतींवरच्या नक्षीत एक पट्टी दुसऱ्या पट्टीसारखी नाही. शेजारच्या पुष्करणीच्या भिंतींतल्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. पाणी हिरवे असले तरी सकाळच्या तिरप्या उन्हात कोनाडे नीट उजळतात, म्हणून तिथे नऊच्या आत जावे. प्रवरेचा उगम रतनगडावरचा. समुद्रमंथनातल्या अमृताशी तिचे नाते जोडणाऱ्या कथेमुळे तिला अमृतवाहिनी म्हणतात. आमच्या संगमनेरात या नावाच्या किती संस्था आहेत याची मोजदाद करणे कठीण आहे, पण नाव जिथून आले तिथे मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा उभी राहिले.

रतनगडावर भाऊ आणि मी गेलो, मावशींच्या पुतण्याला वाटाड्या म्हणून घेऊन. दिवसाचे ८०० रुपये त्याने आधी सांगितले आणि शेवटी तेवढेच घेतले. वाट दाट झाडीतून जाते. हा सगळा भाग १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि शेकरूचे घरटे मला पहिल्यांदा इथे कोणीतरी बोटाने दाखवले. वरच्या टप्प्यात लोखंडी शिड्या आहेत. त्यांच्यावर चढताना वाटाड्याने पाठीवरची पिशवी स्वतःकडे घेतली आणि प्रत्येक पायरी हलवून पाहिली, हे त्याच्या पैशांत धरलेले नव्हते. गडाच्या माथ्यावरच्या नेढ्यात, म्हणजे खडकाला आरपार पडलेल्या त्या भल्यामोठ्या भोकात, बसल्यावर एका बाजूला जलाशय आणि दुसऱ्या बाजूला डोंगरांच्या रांगा दिसतात, आणि वारा असा येतो की डब्याचे झाकण धरून ठेवावे लागते. खाली उतरताना त्याने हिरड्याचे झाड दाखवून बाळहिरडा आणि मोठा हिरडा यांतला फरक आणि भावांतला फरक दोन्ही समजावले. जूनमधल्या ‘मार्गदर्शका’ने दोन तासांत आम्हांला एकाही झाडाचे नाव सांगितले नव्हते.

साम्रदची सांदण दरी आणि घाटघर आम्ही तिसऱ्या दिवशी उरकले, आणि उरकले हाच शब्द बरोबर आहे. सांदणीत दोन उंच कातळभिंतींच्या मधल्या चिंचोळ्या घळीत उतरायचे असते. नोव्हेंबरात सुरुवातीच्या डोहात अजून कमरेएवढे पाणी होते, त्यामुळे आम्ही तिथूनच मागे फिरलो. पूर्ण उतरायची असेल तर हिवाळा चांगला मुरू द्यावा, आणि पावसाळ्यात तिकडे फिरकूच नये. घाटघरच्या कोकणकड्यावर धुके होते. इथले जलविद्युत केंद्र २५० मेगावॉटचे आहे: वरच्या धरणातले पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली कोकणात चोंढ्याच्या धरणात सोडून मागणीच्या वेळी वीज करायची, आणि मागणी कमी असताना तेच पाणी पंपांनी पुन्हा वर चढवायचे. ही सगळी करामत एक अभियंता असलेला माझा भाऊ मोठ्या उत्साहाने सांगत असताना आम्ही ज्या टपरीत बसलो होतो तिथली वीज गेलेली होती, आणि टपरीवाल्याने मेणबत्ती लावून भजी तळायला घेतली होती.

आता या घरगुती सोयीतल्या उणिवा, कारण त्या आहेत. दर आधी कोणी सांगत नाही. “तुमाला काय वाटंल ते द्या” या उत्तराने पाहुण्याचीच पंचाईत होते. मी खोदून विचारल्यावर माणशी रात्रीचे १,२०० रुपये, दोन वेळचे जेवण आणि सकाळचा चहा-पोहे धरून, असे ठरले. हा दर भिंतीवर लिहून ठेवला तर दोन्हीकडचा संकोच जाईल. पावती मिळत नाही. रेंज येत-जात असल्यामुळे मोबाइलवरून पैसे पाठवण्याची खात्री नाही, म्हणून रोख नेणे आवश्यक आहे. पत्र्याच्या खोलीत पहाटे चारनंतर चांगलीच थंडी शिरते. गोधड्या उबदार होत्या, पण त्यांना डांबराच्या गोळ्यांचा इतका उग्र वास होता की आईने स्वतःची शाल वर घेतली. चुलीचा धूर पडवीत कोंडतो, त्यामुळे दम्याचा त्रास असलेल्यांनी जेवण खोलीत मागवावे. आणि जलाशयाच्या काठावर, गावापासून जरा बाजूला, पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा आणि कागदी ताटांचा जो खच पडलेला आहे तो पाहून मान खाली जाते. तो गावाने केलेला नाही. जूनमधल्या आमच्यासारख्यांचा आहे, आणि नोव्हेंबर उजाडला तरी कोणी उचललेला नाही.

तंबूपेक्षा ६०० रुपये कमी देऊन आम्हांला खिडकी, दार, कमोड, काळभात आणि नाव विचारणारी माणसे मिळाली. काजवे पाहायचेच असतील तर तेही याच घरी उतरून, सोमवार ते गुरुवारच्या मध्ये पाहावेत. मावशींचा पुतण्या बॅटरीवर लाल कागद बांधून चालत नेतो असे म्हणाला, आणि त्याने शिड्यांवर दाखवलेली काळजी पाहता मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवीन. जुलै-ऑगस्टमध्ये धबधब्यांच्या मोहाने म्हाताऱ्या माणसांना घेऊन पलीकडच्या काठाला जाण्याचा सल्ला मी देणार नाही. घाटघरला आमच्या जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही, आणि तेव्हा आवणीच्या, म्हणजे भाताच्या लावणीच्या, गडबडीत घरात कोणाला मान वर करायला फुरसत नसते. ज्यांना चादर रोज बदललेली लागते, जेवणाची यादी हातात लागते, त्यांच्यासाठी शेंडीत चांगल्या सोयी आहेत. रंधा धबधबा पाहायला जाणाऱ्यांनी धरणातून पाणी सुटले आहे की नाही ते आधी विचारावे, नाहीतर नुसता खडक पाहून परत यावे लागते. कळसूबाई करायची असेल तर मात्र मुक्काम बारीला करावा, रतनवाडी त्यासाठी लांब पडते.

मावशींचा मोबाइल क्रमांक मी इथे देत नाही, कारण खोल्या दोनच आहेत आणि त्यांनी तो जगजाहीर करायला परवानगी दिलेली नाही. देवळाजवळच्या टपऱ्यांवर विचारले तर त्यांचे किंवा त्यांच्यासारखे दुसरे घर सहज सापडते, आणि एखाद्या घरी जागा नसेल तर तेच पुढच्या घरी पोहोचवतात.

निघताना आईने दोन पायल्या काळभाताचा तांदूळ विकत घेतला. मावशींनी पायली शिगेला भरून मोजली आणि वर एक ओंजळ नागली फडक्यात बांधून दिली. राजूरला थांबून पेढे घेतले, कारण राजूरवरून पेढ्यांशिवाय घरी गेलेल्याला आमच्याकडे कोणी आत घेत नाही. दोन दिवसांनी तो तांदूळ संगमनेरात शिजवला. भात चांगला झाला, मोकळाही झाला, पण पडवीपर्यंत जाणारा तो वास स्वयंपाकघराच्या दारापर्यंतही आला नाही. आईने आधी कुकरला दोष दिला, मग गॅसला, आणि पुढच्या खेपेला पातेले घरून घेऊन जायचे, त्यांच्या चुलीवर आपल्या पातेल्यात शिजवून पाहायचे, असे ठरवून टाकले.